रविवारच्या टेबलावर स्टॉर्म चालू द्यायचं का?

गोदाकाठ

नाशिकच्या कॉलेज रोडला आपण रविवारी दुपारी मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळायला जमतो, मुख्यतः त्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. मुंबई-पुण्याच्या जाणकारांनीही जरूर लिहावं.

गेल्या रविवारी इझेट_पंचवटी स्टॉर्मचा डेक (जुळवलेला कार्डांचा संच) घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हे बंद करा' सुरू झालं. तिथे चार मेसेज पडले की मुद्दा वाहून जातो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: बंदी नको. स्टॉर्म म्हणजे एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं, असं आपल्याला वाटतं. समोरच्याने त्या टर्नमध्ये (पाळीत) काय करायचं असतं, हे आपल्या टेबलावर आजवर कुणी सांगितलेलंच नाही, हे त्याचं खरं कारण.

नव्या लोकांसाठी थोडक्यात. लँड कार्डं टॅप केली (आडवी वळवली) की माना, म्हणजे खर्चायची शक्ती मिळते; ती भरून कार्ड खेळणं म्हणजे स्पेल कास्ट करणं. सुरुवातीला प्रत्येकाचे वीस लाइफ असतात, डॅमेजने ते कमी होतात. स्टॉर्म हे कीवर्ड (कार्डावरचा नियमाचा शब्द) २००३ साली स्कर्ज या सेटमध्ये आलं. ज्या स्पेलवर ते असतं तो कास्ट केला की एक ट्रिगर (आपोआप सुरू होणारा परिणाम) होतो: या टर्नमध्ये त्याच्या आधी जितके स्पेल कास्ट झाले असतील, तितक्या त्याच्या कॉपी स्टॅकवर (अजून अमलात न आलेल्या गोष्टींच्या चळतीवर) येतात. टार्गेट असेल तर प्रत्येक कॉपीला नवं टार्गेट देता येतं. ग्रेपशॉट घ्या. दोन माना, एक डॅमेज. पाकिटातून निघालं तर बाजूला ठेवावं असं कार्ड. पण आधी दहा स्पेल झालेले असतील तर तेच अकरा डॅमेज करतं.

इझेटची त्या दिवशीची चौथी टर्न मी शेजारी बसून कागदावर उतरवली होती, ती देतो.

चार लँड टॅप, चार लाल माना. राइट ऑफ फ्लेम: एक दिला, दोन आले, झाले पाच. दुसरं राइट ऑफ फ्लेम: पहिलं ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) पडलेलं, म्हणून या वेळी दोनाऐवजी तीन आले, झाले सात. सीदिंग साँग: तीन देऊन पाच, झाले नऊ. मग मानामॉर्फोज: दोन देऊन दोन परत आणि वर एक कार्ड ड्रॉ. माना तेवढेच, हातातली कार्डं तेवढीच, फक्त स्पेलचा आकडा एकाने पुढे सरकला. या कार्डाचं सगळं मोल त्या एका आकड्यात आहे. मग दुसरं मानामॉर्फोज. मग पायरेटिक रिच्युअल: दोन देऊन तीन. आता दहा माना आणि सहा स्पेल झालेले.

इथे ग्रेपशॉट. सहा कॉपी आणि मूळ एक, सात डॅमेज. उरले आठ माना. त्यातल्या चारांत एम्प्टी द वॉरन्स, ज्याच्या आधी आता सात स्पेल आहेत: सात कॉपी आणि मूळ, प्रत्येकाचे दोन गॉब्लिन टोकन, म्हणजे हल्ल्यात एकेक डॅमेज करणारे छोटे क्रीचर. सोळा गॉब्लिन उभे राहिले आणि सगळ्यांचा धीर सुटला.

समोर सातपूर_शिफ्ट होते. हिरवा डेक, दोन फॉरेस्ट (हिरवे लँड) अनटॅप्ड, हातात वेदर द स्टॉर्म. बर्न डेकवाल्यासाठी (थेट डॅमेजने मारणाऱ्यासाठी) त्यांनी ते राखून ठेवलं होतं. हे कार्ड २०१९ च्या मॉडर्न होरायझन्समधलं: इन्स्टंट (समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येतं), दोन माना, तीन लाइफ, आणि त्यावरही स्टॉर्म. आता स्टॉर्मचा नियम पुन्हा वाचा. आधी कास्ट झालेले स्पेल मोजायचे, एवढंच त्यात आहे. कुणी कास्ट केले याची अट नाही. समोरच्याचे सहा स्पेल आणि त्याचं ग्रेपशॉट मिळून सात. ग्रेपशॉट स्टॅकवर असताना वेदर द स्टॉर्म टाकलं असतं तर सात कॉपी आणि मूळ, आठ त्रिक चोवीस लाइफ. वीसचे चव्वेचाळीस, त्यातून सात गेले तर सदतीस.

मला जे म्हणायचंय ते हेच. स्टॉर्मचा आकडा कुणा एकाच्या मालकीचा नसतो, तो टेबलाचा असतो. समोरचा घाम गाळून जो आकडा वाढवतो, तो दोन मानांत तुम्हालाही वापरता येतो. हे एकदा डोक्यात बसलं की त्याच्या टर्नमध्ये मोबाइल काढावासा वाटत नाही, उलट प्रत्येक कार्डावर नजर राहते.

तुमची मतं लिहा. रविवारच्या आत ठरवून टाकू.

मुंबई_नाका

छान लिहिलंय, पण आपण पॉपर खेळतो ना? साठ कार्डं, सगळी कॉमन, म्हणजे सहज मिळणारी. पॉपरमध्ये ग्रेपशॉट आणि एम्प्टी द वॉरन्स २०१३ पासून बंद आहेत. टेम्पोरल फिशर हे स्टॉर्मचंच कार्डही त्याच वर्षी बंद झालं. २०२१ मध्ये मॉडर्न होरायझन्स २ मधून चॅटरस्टॉर्म आलं, तेही त्याच वर्षी बंद. इतक्या वेळा तीच गोष्ट घडली म्हणजे दोष एखाद्या कार्डाचा नाही, कीवर्डचाच आहे. खुद्द मॅजिकचा मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटरने एखादं मेकॅनिक स्टँडर्डमध्ये (फक्त नवे सेट चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये) परत येण्याची शक्यता मोजायला १ ते १० ची पट्टी केली, तिला नावच स्टॉर्म स्केल दिलं आणि त्यात स्टॉर्मला १० दिले. म्हणजे परत येणं जवळपास अशक्य. खेळ बनवणारे जिथे हात जोडतात तिथे आपण कशाला हट्ट धरायचा?

गोदाकाठ

@मुंबई_नाका, बंदीची यादी बरोबर आहे आणि तिची कारणंही मला मान्य आहेत. जिथे बक्षीस असतं, अनोळखी माणसं समोर असतात आणि प्रत्येक जण जिंकायलाच आलेला असतो, तिथे तो डेक बाकी सगळ्यांना बाहेर ढकलतो. आपल्याकडे आठ-दहा माणसं, बक्षीस म्हणजे चहा. आपल्या लीगच्या गुणांच्या मॅचमध्ये अधिकृत यादीच पाळू, त्यात वाद नाही. माझा प्रश्न त्यानंतरच्या मोकळ्या गेमांपुरता आहे. आणि वेदर द स्टॉर्म पॉपरमध्ये आजही चालतं. कीवर्ड तेच, पण त्याने कुणाचा गेम एका झटक्यात संपत नाही. म्हणून कीवर्डलाच दोष देणं मला पटत नाही. स्टॉर्मखाली काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून.

सातपूर_शिफ्ट

माझं नाव आलंच आहे तर लिहितो. चोवीस लाइफचं गणित पटलं. ते कार्ड तिथे टाकता येतं हे मला तेव्हा सुचलं नाही आणि आता ते विसरणार नाही.

पण माझी तक्रार हरण्याबद्दल नव्हतीच. माझा आठवडा शिफ्टमध्ये जातो. रात्रपाळी असली तर रविवारी सकाळी घरी येऊन झोपायचं सोडून मी दुपारी कॉलेज रोडला येतो. त्या तीन तासांत मला खेळायचं असतं. समोरचा माणूस त्याच्या टर्नमध्ये कार्ड उचलतो, ठेवतो, पुटपुटतो, पुन्हा माना मोजतो, परत पहिल्यापासून सुरू करतो, आणि मी समोर बसलेलो. अधिकृत स्पर्धेत तीन गेमच्या राउंडला ५० मिनिटं असतात. आपल्याकडे घड्याळच नाही. हा त्रास खरा आहे आणि तो नियम समजल्याने जात नाही.

थालीपीठ_ताई

माझा मुलगा नववीत आहे, तो येतो रविवारी. मी सोबत येते आणि आता बऱ्यापैकी खेळायलाही लागले आहे. आमच्या लहानपणी ट्रंप कार्डं होती, वजन मोठं की उंची मोठी, एवढंच. त्यामुळे प्रश्न साधा वाटला तरी विचारते.

त्याच डेकविरुद्ध माझ्या मुलाने ग्रेपशॉटवर काउंटरस्पेल टाकला. काउंटर झालाही. तरी सगळ्या कॉपी आल्या आणि तो हरला. घरी येईपर्यंत तो म्हणत होता की आपल्याला फसवलं. इझेट फसवणारा मुलगा नाही हे मला माहीत आहे. मग स्पेलच रद्द झाला तर कॉपी कशाच्या आल्या?

नियमपुस्तक

ताई, तुमच्या मुलाला फसवलेलं नाही. जे झालं ते नियमानुसारच.

स्टॅक हा १९९९ मध्ये सिक्स्थ एडिशनच्या नियमांबरोबर आला. टोपलीत शेवटी ठेवलेली भाकरी आधी ताटात येते, तसंच स्टॅकवर शेवटी आलेली गोष्ट आधी रिझॉल्व्ह होते (अमलात येते).

आता क्रम बघा. खेळाडू ग्रेपशॉट स्टॅकवर ठेवतो, टार्गेट सांगतो, माना भरतो. इथे कास्ट करणं पूर्ण झालं. डॅमेज अजून झालेलं नाही. कास्ट पूर्ण होताच स्टॉर्मचा ट्रिगर होतो आणि ग्रेपशॉटच्या वर जाऊन बसतो. आता दोन वेगळ्या गोष्टी स्टॅकवर आहेत: खाली स्पेल, वर ट्रिगर. काउंटरस्पेल फक्त स्पेलला टार्गेट करतो. त्याने खालचं ग्रेपशॉट ग्रेव्हयार्डमध्ये गेलं. वरचा ट्रिगर जागचा हलला नाही. तो रिझॉल्व्ह होताना ग्रेपशॉट स्टॅकवर नसलं तरी शेवटचं जसं होतं त्यावरून कॉपी करतो. म्हणजे तुमच्या मुलाने सातातला एक डॅमेज वाचवला, बाकीचे सहा लागले.

ट्रिगरलाच काउंटर करणारी कार्डं आहेत. स्टायफल, एक निळा माना, तेही स्कर्जमधलंच. रोग आणि औषध एकाच सेटमध्ये आलं होतं. पण ते रेअर (दुर्मीळ) आहे, पॉपरमध्ये चालत नाही.

दुसरी गोष्ट, कॉपी कास्ट होत नाहीत, त्या थेट स्टॅकवर येतात. म्हणून सहा कॉपींमुळे पुढच्या स्टॉर्मचा आकडा सहाने वाढत नाही. मूळ ग्रेपशॉटचा एक तेवढा धरायचा.

थालीपीठ_ताई

आता लख्ख समजलं. रात्री जेवताना त्याला हाच क्रम कार्डं मांडून दाखवला आणि त्यालाही पटलं. मग काउंटरस्पेल टाकायचाच असेल तर कशावर टाकायचा? सुरुवातीलाच, पहिल्या राइट ऑफ फ्लेमवर टाकला तर त्याची गाडी सुरूच होणार नाही ना?

इझेट_पंचवटी

डेक माझा आहे, म्हणून मीच सांगतो. ताई, पहिल्या राइटवर काउंटर टाकला तर मला आनंदच होतो.

वर गोदाकाठदादांनी दिलेलीच टर्न घ्या. चार माना, एक देऊन राइट टाकलं, तुम्ही काउंटर केलं. माझ्याकडे तीन उरले. पण काउंटर झालेलं राइट ग्रेव्हयार्डमध्येच गेलं. दुसरं राइट ग्रेव्हयार्डमधलं राइट मोजतं, पहिलं रिझॉल्व्ह झालं होतं का हे विचारत नाही. म्हणून ते एकाचे तीन देतंच, झाले पाच. शिवाय काउंटर झालेला स्पेलही कास्ट झालेला असतो, आणि तुमचा काउंटरस्पेल हाही एक स्पेल. आकडा दोनऐवजी तीन. पुढे साँगने सात माना, दोन मानामॉर्फोज, रिच्युअलने आठ. ग्रेपशॉटच्या आधी सात स्पेल, म्हणजे आठ डॅमेज. एम्प्टीच्या आधी आठ, म्हणजे अठरा गॉब्लिन. काउंटर न करता सात आणि सोळा झाले असते.

सीदिंग साँगवर टाकला तर मात्र मला खरा फटका बसतो. सातातले तीन गेले, परत काही आलं नाही, उरले चार. दोन मानामॉर्फोजने चारच राहतात, रिच्युअलने पाच. आता ग्रेपशॉट किंवा एम्प्टी, दोन्ही नाही. आकडा वाढलेला असतो, पण माना नसतात. मला सगळ्यात भीती साँगची असते भो, म्हणून समोर दोन निळे लँड अनटॅप्ड दिसले की मी साँग टाकायच्या आधी थांबतो.

आणि तुमच्या मुलाला सांगा, पुढच्या रविवारी त्याने माझा डेक घ्यावा, मी त्याचा घेतो. दोन गेम आतून खेळला की कुठे घाव घालायचा ते त्याला आपोआप दिसेल.

गंगापूर_रोड

वाचतेय. एक भर घालते. कास्ट आणि कॉपी यांतला फरक फक्त स्टॉर्मपुरता नाही. प्रोवेस असलेली क्रीचर, खान्स ऑफ तारकीरपासूनची, तुम्ही नॉनक्रीचर स्पेल कास्ट केला तरच वाढते. स्टॉर्मच्या कॉपींनी ती हलत नाही. उलट २०२१ च्या स्ट्रिक्सहेवनमधलं मेजक्राफ्ट कास्ट केलं तरी चालतं आणि कॉपी केली तरी चालतं. म्हणजे सहा कॉपी आल्या तर सहा वेळा ट्रिगर. दिसायला दोन्ही कार्डं एकाच घरातली वाटतात, पण टेबलावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्याकडे अर्धे वाद याच एका जागी होतात, असं माझं निरीक्षण आहे.

प्रायॉरिटी_पुणे

पुण्यातून लिहितोय. आमच्याकडे हाच वाद कॅस्केडवरून झाला होता. २००९ च्या अलारा रीबॉर्नमधलं हे कीवर्ड. तेही कास्ट करतानाच ट्रिगर होतं: वरून कार्डं उघडत जायची, कमी माना व्हॅल्यूचं (कास्टच्या किमतीचं) नॉनलँड कार्ड आलं की ते फुकट कास्ट करायचं. इथेही मूळ स्पेल काउंटर करून ट्रिगर थांबत नाही. पण एक फरक लक्षात ठेवा. कॅस्केडने आलेला स्पेल खराखुरा कास्ट होतो, म्हणून स्टॉर्मच्या मोजणीत धरला जातो.

या 'फुकट कास्ट'मधून पळवाटा किती निघतात याचं उदाहरण म्हणजे काल्डहाइमचा वाल्की. दोन मानांचं कार्ड म्हणून कॅस्केडमध्ये सापडायचं आणि मागच्या बाजूचा सात मानांचा टिबाल्ट म्हणून कास्ट व्हायचं. त्यासाठी २०२१ मध्ये कॅस्केडचा नियमच बदलावा लागला. आता जो स्पेल प्रत्यक्ष कास्ट होतो त्याचीही माना व्हॅल्यू कमी असावी लागते. सांगायचा मुद्दा असा, की अशा मेकॅनिकची दुरुस्ती करता येते. कीवर्ड हद्दपार करणं हा एकच मार्ग नसतो.

नियमपुस्तक

@गोदाकाठ, तुमच्या हिशोबाची दुसरी बाजूही धाग्यावर यायला हवी. वेदर द स्टॉर्म हाही एक स्पेल आहे. ग्रेपशॉटच्या कॉपी त्याने वाढत नाहीत, कारण तो ग्रेपशॉटच्या नंतर कास्ट झाला. पण पाठोपाठ येणाऱ्या एम्प्टी द वॉरन्सच्या आधी तो झालेला असतो. म्हणजे एम्प्टीच्या आधी आठ स्पेल, नऊ दुणे अठरा गॉब्लिन. आकडा टेबलाचा असतो हे दोन्ही बाजूंनी लागू होतं.

गोदाकाठ

@नियमपुस्तक, अगदी बरोबर, आणि हेच मला या मेकॅनिकमध्ये सगळ्यात आवडतं. तुमच्या प्रत्येक उत्तराची किंमत असते. तरीही हिशोब पुढे नेऊन बघा: सदतीस लाइफ, समोर अठरा गॉब्लिन. टोकन आत्ताच उतरले, हल्ला पुढच्या टर्नला. मधे तुमची एक अख्खी टर्न आहे. ती वाया गेली आणि अठराही जण अंगावर आले, तरी एकोणीस लाइफ उरतात. समोरच्याचा हात मात्र रिकामा. गेम तिथून पुढे खरा सुरू होतो.

आणि त्या मधल्या टर्नसाठी कॉमनमध्ये उत्तरं भरपूर आहेत. लाल डेकला इलेक्ट्रिकरी: ओव्हरलोड करून तीन माना, समोरच्या प्रत्येक क्रीचरला एक डॅमेज, सगळे गॉब्लिन साफ. काळ्याला क्रीचर मारणारं एकोइंग डिके, निळ्याला ते हातात परत पाठवणारं एकोइंग ट्रुथ. दोन्ही कार्डं एकाच नावाच्या सगळ्यांवर लागू होतात आणि टोकनांचं नाव एकच असतं. दोन मानांत अठरा जण गेले. पांढऱ्याला प्रिझमॅटिक स्ट्रँड्स: एक रंग सांगायचा, त्या रंगाच्या सोर्सकडून या टर्नमध्ये डॅमेज शून्य. ग्रेपशॉट लाल, गॉब्लिनही लाल. शिवाय फ्लॅशबॅक आहे, एक पांढरं क्रीचर टॅप करून परत टाकता येतं.

यातलं एकही कार्ड महाग नाही. साइडबोर्डच्या (डेकबाहेरच्या राखीव कार्डांच्या) पंधरा जागांपैकी दोन-तीन द्यायच्या, बस.

@मुंबई_नाका, स्टॉर्मचा तुम्हाला जो धसका आहे तो समजतो. २००६ च्या पॅरिसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये माकिहितो मिहारा ड्रॅगनस्टॉर्म या स्टॉर्मच्या कार्डाचा डेक घेऊन जिंकला. तिथे आधी तीन स्पेल झाले की पुरे. चार बोगार्डन हेलकाइट ड्रॅगन उतरतात, प्रत्येकी पाच डॅमेज, वीस पूर्ण. तसलं काही आपल्या टेबलावर आणा असं मी म्हणत नाही. कॉमनचा स्टॉर्म त्या मानाने अडवता येतो.

मुंबई_नाका

ठीक. लीगच्या गुणांत नको आणि मोकळ्या गेममध्ये चालेल, एवढ्यावर माझी हरकत नाही. पण समोरच्याला नाही म्हणायचा हक्क असावा. गेम सुरू व्हायच्या आधी 'डेकमध्ये स्टॉर्म आहे' हे सांगायचं आणि समोरच्याने नको म्हटलं तर दुसरा डेक काढायचा. आजच आलेल्या पोराला सोळा गॉब्लिन दाखवून घरी पाठवलं तर तो परत येणार नाही, आणि नाशिकमध्ये एक एक खेळाडू जमवायला किती फोन करावे लागतात ते आपल्याला ठाऊक आहे.

सातपूर_शिफ्ट

+१. माझ्या वेळेच्या मुद्द्यावरही कुणीतरी बोला.

इझेट_पंचवटी

दादा, तुमचा मुद्दा मनाला लागला, खरंच. मी घरी बसून विचार केला की वेळ नेमका कुठे जातो. कार्ड टाकायला जात नाही, माना मोजायला जातो. डोक्यात मोजत राहिलं की मधेच विसरतं आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून दोन डायस घेतलेत, वीस बाजूंचे. लाल डायस माना, निळा डायस स्पेल. प्रत्येक कार्ड टाकलं की दोन्ही फिरवायचे आणि आकडे मोठ्याने म्हणायचे: 'साँग, नऊ माना, तीन स्पेल.' काल होस्टेलवर मित्रासमोर करून पाहिलं. टर्न झपाट्याने आटपते आणि समोरच्यालाही प्रत्येक क्षणी आकडा दिसतो.

नियमपुस्तक

डायसची पद्धत चांगली. तिला एक जोड द्या. प्रत्येक स्पेलनंतर समोरच्याकडे बघून क्षणभर थांबायचं. प्रायॉरिटी (काही टाकायची संधी) त्याच्याकडे जायलाच हवी. घाईत सहा कार्डं धडाधड टाकली तर काउंटरस्पेल हातात असलेला माणूस साँगवर बोलायचा राहून जातो आणि मग 'मला बोलायचं होतं' यावरून भांडण. समोरच्याला काही करायचं नसेल तर त्याने मान हलवावी. आणि स्टॉर्मच्या स्पेलला दोनदा थांबायचं: एकदा ट्रिगर स्टॅकवर असताना, एकदा सगळ्या कॉपी आल्यावर.

वेदर द स्टॉर्म यांपैकी कुठेही टाकलं तरी लाइफ तेवढेच मिळतात, कारण कॉपी कास्ट होत नाहीत. माइंडब्रेक ट्रॅपसारखं स्पेल हटवणारं कार्ड असेल तर ते कॉपी आल्यावरच टाकायचं, म्हणजे मूळ आणि कॉपी सगळ्यांना एकदम टार्गेट करता येतं. अर्थात ते पॉपरमध्ये नाही, पण कधी दुसरा फॉरमॅट खेळलात तर उपयोगी पडेल.

थालीपीठ_ताई

मोबाइलवर टायमर लावला तर? सात मिनिटं. सात मिनिटांत टर्न संपली नाही तर पुढे स्पेल कास्ट करायचे नाहीत, आहे त्यावर थांबायचं. समोरच्याने विचार करायला घेतलेला वेळ त्यात धरायचा नाही.

सातपूर_शिफ्ट

हे चालेल मला. टायमर माझ्या मोबाइलवर लावेन, आवाज मोठा आहे. आणि इझेट, तू एवढा विचार करून डायस आणलेस याबद्दल मनापासून आभार. या रविवारी पहिला मोकळा गेम माझ्याशीच खेळ. दोन फॉरेस्ट राखून ठेवतो.

गोदाकाठ

तर मग या रविवारपासून असं करू. गुणांच्या मॅचमध्ये पॉपरची अधिकृत यादी जशीच्या तशी. त्यानंतरच्या गेममध्ये स्टॉर्म चालेल, पण आधी सांगून आणि समोरच्याच्या होकारानेच. दोन डायस, आकडे मोठ्याने, प्रत्येक स्पेलनंतर थांबायचं, सात मिनिटांचा टायमर. महिनाभर करून बघू, कुणाला जड जातंय असं वाटलं तर याच धाग्यावर लिहा.

ज्यांच्याकडे उत्तराची कार्डं नाहीत त्यांच्यासाठी मी इलेक्ट्रिकरी आणि प्रिझमॅटिक स्ट्रँड्सचे प्रिंटआउट काढून आणतो, मोकळ्या गेमला स्लीव्हमध्ये घालून चालतील. पाऊस सुरू आहे, तेव्हा खरी फॉइल कार्डं शक्यतो आणू नका. मागच्या वेळी एकाची फॉइलं दमट हवेने इतकी वाकली की डेकमध्ये कुठे आहेत ते वरूनच दिसत होतं, आणि मग शफललाच अर्थ राहत नाही.

थालीपीठ_ताई

मुलाचा डेक निळा-पांढरा आहे. एकोइंग ट्रुथ कुणाकडे जास्तीची असेल तर दोन हव्यात, पैसे देईन. त्याचा एक शेवटचा प्रश्नही आहे: गॉब्लिन टोकन हातात परत पाठवले तर समोरचा ते पुन्हा टाकू शकतो का?

नियमपुस्तक

नाही. टोकन बॅटलफील्डवरून हातात गेलं की तिथे नाहीसं होतं, परत येत नाही. आणि ट्रुथ समोरच्याच्या टर्नमध्ये गॉब्लिनांनी हल्ला जाहीर केल्यावर टाकायची. तोपर्यंत दोन माना मोकळे ठेव म्हणावं.

गंगापूर_रोड

ताई, माझ्याकडे तीन आहेत, दोन तुम्हाला घेऊन येते. पैसे नकोत, त्याचा वेदर द स्टॉर्म जास्तीचा असेल तर मला द्या, माझा नवा डेक हिरवा आहे.